कार्ड, करार आणि खातेदार

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील ग्रामस्थांचा बाजारव्यवहार उदगीर, उमरगा या महाराष्ट्रातील गावांशीही चालतो. भालकीच्या शाखेने दिलेले कार्ड उदगीरच्या दुकानातही चालते. या व्यवहारामागे भारतीय करार कायदा, 1872 उभा आहे. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील या भागास तो 1951 मध्ये लागू झाला. कायदा केंद्राचा असल्याने राज्याची सीमा ओलांडल्याने खातेदाराचे हक्क बदलत नाहीत.

शेतकऱ्याने कार्डाने खत घेतले, तर तेथे तीन निरनिराळे करार असतात. पहिला, शेतकरी व दुकानदार यांच्यातील विक्रीचा. दुसरा, शेतकरी व त्याची बँक यांच्यातील. तिसरा, दुकानदार व त्याची बँक यांच्यातील. यास्तव खत निकृष्ट निघाल्यास प्रथम दुकानदारास जाब विचारावा. संमतीवाचून खात्यातून रक्कम गेल्यास आपल्या बँकेस कळवावे.

न वाचता केलेली सहीदेखील सामान्यतः बंधनकारक ठरते. बँकेचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये असतात. ज्यांस केवळ मराठी वाचता येते, त्यांनी अटी समजावून घेऊनच सही करावी. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

फसवणुकीचा भार कोणी सोसावा, हे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिले. दोष बँकेचा असल्यास खातेदारावर भार नाही. दोष दोघांचाही नसल्यास, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावरही भार नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यावर कमाल 10,000 रुपये, तर मूलभूत बचत खात्यावर 5,000 रुपये एवढाच भार ठेवण्यात आला. खातेदार जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकण्यात आले. मात्र पिन क्रमांक स्वतःच दुसऱ्यास सांगितल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान खातेदाराचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

म्हणून फसवणूक ध्यानात येताच बँकेस कळवावे, तक्रारीचा क्रमांक व पोच जपून ठेवावी आणि 1930 या क्रमांकावरही खबर द्यावी. तीस दिवसांत बँकेकडून उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. कराराने मिळालेला हक्क वेळेवर मागणाऱ्याच्याच उपयोगी पडतो.