गाठ दाताची की दुसरी?



तोंडात गाठ आली की आपण दाताला दोष देतो. पण काही गाठींचा दाताशी संबंधच नसतो. द्रवाने भरलेल्या अशा पिशवीला सिस्ट म्हणतात. ती कुठे आली आहे, यावरून बरेच कळते.

१. खालच्या ओठाच्या आत : ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फुटते व मऊ, निळसर फोड येतो.

२. जिभेखाली : लाळ साचून फुगते. वाढली तर गिळायला, बोलायला त्रास होतो.

३. वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूत : ही हाडात वाढते, दात मात्र चांगले असतात. म्हणून दात काढण्याआधी एक्स-रे आणि दाताची तपासणी करून घ्या.

४. गळ्याच्या मधोमध : जीभ बाहेर काढली किंवा घोट गिळला की गाठ वर सरकते.

५. मानेच्या बाजूला, जबड्याखाली : तरुणपणी ही बहुधा जन्मजात दोषाची असते. पण चाळिशीनंतर नवी गाठ आली तर तिला साधी समजू नका. टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर मानेत पसरला, तर तिथली गाठही अशीच पाण्याने भरलेली असू शकते.

नर्सच्या नोकरीत मी पाहिले, "दुखत नाही ना, मग राहू दे," असे म्हणून आपली वडील माणसे गाठ लपवतात. न दुखणारी गाठच आधी दाखवा. सुईने फोडू नका, शेकू नका. तीन आठवड्यांत गेली नाही तर कुपत खोलीममध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.