दूरचित्रवाणीवरील विनोद : स्वभाव आणि बोली

चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव’ ही दूरदर्शनवरील मालिका आणि २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या दोहोंत दिलीप प्रभावळकर प्रमुख भूमिकेत होते. दोन्हींतील विनोद स्वभावातून व घरगुती प्रसंगांतून निर्माण होतो. मात्र कुटुंब शहरी मध्यमवर्गीय आणि भाषा प्रमाण मराठीच्या जवळची. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’त प्रहसनांना महत्त्व आले, भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीसारख्या बोलीही पडद्यावर रुळल्या.

धुळ्याकडची अहिराणी किंवा यावल-रावेरकडची लेवा गणबोली घरी बोलणाऱ्या अभ्यासकाने येथे विचारावे : प्रेक्षक पात्राच्या चातुर्याला हसतो, की त्याच्या उच्चाराला? विनोदी संवाद प्रमाण मराठीत म्हणून पाहा. हसू टिकले, तर विनोद प्रसंगाचा. विरले, तर पुन्हा तपासा : बोलीतील नेमका शब्द हरवला, की केवळ हेल? शब्द हरवला असेल, तर ती बोलीची श्रीमंती. केवळ हेल हरवला असेल, तर ती बोलणाऱ्याची थट्टा.

कृती : आपल्या बोलीतील पात्र असलेले एक प्रहसन निवडून ही कसोटी लावा.