सुरी घेताना काय पाहावे?

विळीसोबत आता घरोघरी सुरीही आली. बाजारात आपण तिची चकाकी पाहतो. पाहायची असते धार. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती टोमॅटोवरून घसरते आणि बोट कापते.

पोलाद कडक होते ते कार्बनमुळे. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रमला पूर्वी मुशीत पोलाद बनत असे. ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. अशा पोलादात 1 ते 2 टक्के कार्बन असतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. साध्या पोलादी पात्याला धार लवकर लागते, मात्र लिंबू चिरल्यावर ते लगेच पुसावे लागते. आम्हाला तेच पसंत! पाते मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे. हलणारी मूठ नकोच.