हात कधी शिकतो?



मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक तरुण आम्हाला भेटायला आला. डोळे लालबुंद, पाणी थांबत नव्हते. मोबाइलवर वेल्डिंगचे व्हिडिओ पाहून त्याने मित्राच्या मशीनवर खिडकीची जाळी जोडली होती. दहा-अकरा नंबरची काळी काच हवी, तिथे साधा गॉगल लावला होता. काम करताना काहीच जाणवले नाही. मध्यरात्री मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखे झाले. "फादर, मी सगळं बघितलं होतं," तो म्हणाला. डॉक्टरांच्या औषधाने दोन दिवसांत डोळे बरे झाले. घरात आई एकटी कमावणारी, म्हणून त्याला घाई होती.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल परीक्षेपुरता वाचला होता. या मुलामुळे त्याचे नीतिशास्त्र पुन्हा उघडले. विषय सद्गुणांचा, पण दाखले कारागिरांचे. घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, हे त्याचे म्हणणे सर्वांना ठाऊक असते. पुढचे आपण विसरतो. नीट बांधून चांगला गवंडी होतो, तसाच वाईट बांधून वाईट गवंडीही होतो. म्हणून तर शिकवणारा लागतो, असे तो म्हणतो. आपल्याकडे 'हात बसला' म्हणतात. चुकीचा हात बसला, तर तो मोडणे फार कठीण.

वेल्डिंगची कांडी जळत जळत आखूड होते, तसा हात खाली आणावा लागतो. तो किती आणायचा, हे शेजारी उभा असलेला उस्ताद नुसत्या आवाजावरून ओळखतो. व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण व्हिडिओला दिसत नाही.

याचा अर्थ मोबाइल फेकून द्या, असा नव्हे. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' विनामूल्य आहे, बरेच पाठ मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपले काम. थांबवायचे, करून पाहायचे, पुढे जायचे. संगणकाला हे जमते, कारण चुकले की तो बहुधा तिथेच अडतो. लोखंड अडत नाही. कच्चा सांधाही वरून छान दिसतो, भार पडला की सुटतो.

हाताच्या कामासाठी आयटीआय आहे. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले शेती, बांधकाम, वेल्डिंग अशी कामे प्रत्यक्ष करत शिकतात. तरीही आयटीआयचे नाव काढले की काही पालकांचा चेहरा उतरतो. घरात संत योसेफाची तसबीर असते, हे विशेष!

तो तरुण सध्या गावातल्या एका ग्रिलवाल्याकडे जातो. पहिले पंधरा दिवस उस्तादाने त्याला फक्त ग्राइंडर आणि सांध्यावरची पापडी काढायचे काम दिले. त्याची तक्रार घेऊन तो आमच्याकडे आला होता. व्हिडिओ तो अजून पाहतो, पण आता रात्री. दिवसा आपला हात कुठे चुकला ते शोधायला.

आयटीआयचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. ज्यांना मदत हवी, त्यांनी दहावीची किंवा आठवीची गुणपत्रिका घेऊन मिस्सा संपल्यावर आम्हाला भेटावे.