तृतीयपंथी : ओळख कोणी ठरवावी?

ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर कोणी उभे राहावे? प्रश्न सोपा वाटतो. परंतु जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावचा हाच प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला.

तेथील अंजली पाटील या तृतीयपंथी. त्यांनी अशा जागेसाठी अर्ज भरला, तेव्हा तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही, असे सांगून निवडणूक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हा निर्णय रद्द केला. अंजली यांनी स्त्री ही ओळख कायमची स्वीकारली आहे आणि २०१९ च्या कायद्याने त्यांना तसा हक्क दिला आहे, असे न्यायालयाने मानले.

येथे शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. जन्मतः शरीर पाहून मुलगा की मुलगी हे ठरविले जाते. ज्यांच्या मनाला ती ओळख पटत नाही, त्या ट्रान्सजेंडर व्यक्ती होत. गुरू-चेल्यांची परंपरा असलेला हिजडा समाज हा त्यांतील एक भाग. मुलगी म्हणून वाढविले गेलेले, परंतु स्वतःला पुरुष मानणारेही त्यांत येतात. समलिंगी असणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे प्रश्न 'माझे प्रेम कोणावर' हा असतो. येथे 'मी कोण' हा.

मग एलजीबीटीक्यू या एकाच नावाखाली हे सारे एकत्र का आले? कारण जाच सारखाच होता. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ची टांगती तलवार दोघांवरही होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर हिजड्यांची नोंदवही ठेवली; बायकी वेशात लोकांसमोर नाचणे हाही गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. पुढे २०१८ मध्ये सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल आला.

परंतु न्यायालय फेटाळलेला अर्ज परत मिळवून देऊ शकते, मते देऊ शकत नाही. ती भादलीच्या गावकऱ्यांनी दिली आणि अंजली निवडून आल्या. किन्हीराजा काय किंवा भादली काय, खेडे सारखेच. उद्या अशी एखादी व्यक्ती आपल्या वर्गात प्रवेश घेईल, तेव्हा तिच्या बाकावर शेजारी कोण बसणार, हे कोणताही कायदा ठरविणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे.