बाळूचा दमा

रात्र झाली होती. सात वर्षांचा बाळू अंथरुणात उठून बसला होता. त्याची छाती वाजत होती. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आले होते.

आजीच्या जिवाची घालमेल झाली. तिने चुलीतले निखारे काढले. त्यावर ओवा आणि लसणाची साले टाकली. "ये रे माझ्या राजा, धुरी घे. छाती मोकळी होईल," ती म्हणाली. घर धुराने भरले. बाळूला जास्तच दम लागला. सारी रात्र कोणी झोपले नाही.

सकाळी आईने आशाताईंना बोलावले. त्यांनी बाळूला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टर म्हणाले, "याला दमा आहे." त्यांनी औषध दिले.

घरी आल्यावर आशाताई म्हणाल्या, "आजी, तुमची माया खरी. पण धुरीनं दमा जात नाही, वाढतो."

दमा म्हणजे काय?

आपला श्वास बारीक नळ्यांतून फुप्फुसात जातो. दमा असलेल्या मुलाच्या नळ्या नाजूक असतात. धूर, धूळ, सर्दी यांनी त्या आतून सुजतात आणि आवळतात. त्यांत चिकट कफ साठतो. श्वास नीट जात-येत नाही. म्हणून छाती वाजते.

दमा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. ती करणी नव्हे, बाधाही नव्हे.

धूर

"चुलीचा धूर पोराला फार वाईट," आशाताई म्हणाल्या.

आई म्हणाली, "ताई, उज्ज्वला योजनेतून गॅस मिळालाय. पण टाकी संपली की चूलच पेटवावी लागते. दर वेळी पैसे कुठले आणायचे?"

"मग चूल बाहेर मांडा. निदान अंघोळीचं पाणी तरी बाहेर तापवा. लाकडं वाळलेली घ्या. ओल्या लाकडाचा धूर जास्त होतो. डासांची उदबत्ती नको, मच्छरदाणी लावा."

बाप उंबऱ्यात बसून विडी ओढत होता. आशाताई त्याला म्हणाल्या, "दादा, हा धूरही पोराच्याच छातीत जातो बरं का!" बापाने विडी विझवली. तो काही बोलला नाही.

धूळ आणि ओल

गोधडीत आणि उशीत फार बारीक किडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची घाण श्वासात गेली की दमा उठतो. म्हणून चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवाव्यात. गोधड्या कडक उन्हात वाळवाव्यात. झटकताना मुलाला लांब ठेवावे.

केर काढण्याआधी पाणी शिंपडावे. फरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसावी. धान्याची पोती मुलाच्या उशाशी ठेवू नयेत. खरकटे उघडे टाकू नये. त्याने झुरळे होतात, आणि झुरळांनीही दमा वाढतो.

ओल्या भिंतीवर बुरशी येते. तीही वाईट. गळके छप्पर पावसाळ्याआधी नीट करावे. दिवसा खिडकी उघडी ठेवावी.

औषध

डॉक्टरांनी बाळूला तोंडाने ओढायचे औषध दिले होते. लोक त्याला पंप म्हणतात. आजी घाबरली. "पंपाची सवय लागते म्हणतात!"

"नाही आजी, सवय लागत नाही. हे औषध थेट छातीत जातं. म्हणून थोडंसं पुरतं. एक पंप रोज घ्यायचा, दुसरा दम लागला तरच. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनानं बंद करू नका."

धोका ओळखा

मुलाला धड बोलता येत नाही. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. ओठ निळे पडतात. असे झाले तर वाट पाहू नका. मुलाला सरळ बसवा, दम लागल्यावरचा पंप द्या आणि लगेच 108 नंबरवर फोन करून गाडी बोलवा.

बाळूचा दमा अजून आहे. पण आता तो रात्री झोपतो. शाळा फारशी बुडत नाही. बाप विडी ओढायला घरापासून लांब, बांधावर जातो. तीही सोडीन म्हणतो. आणि आजी? ती धुरी देत नाही. ऊन पडले की पहिली गोधडी तीच बाहेर टाकते.

सांगा पाहू

1. धुरीने बाळूचा दम का वाढला?
2. गोधडी उन्हात का टाकावी?
3. 108 नंबरवर फोन कधी करावा?
4. तुमच्या घरात धूर कुठून येतो? तो कमी कसा कराल?