शहरातील छोटी शेती आणि शेजाऱ्यांची परसबाग

‘परस’ म्हणजे घरामागची मोकळी जागा. कोकणात काय किंवा देशावर काय, जुन्या घरांना ती असेच. मोरीचे सांडपाणी तिकडे वाहत जाई, त्यावर अळू, केळ आणि कर्दळ पोसली जात, मांडवावर दोडका किंवा घेवडा चढलेला असे आणि अवचित आलेल्या पाहुण्याच्या पानातील भाजी तिथूनच निघे. मुंबईसारख्या महानगरात घरे राहिली, परस मात्र गेले. चाळीच्या गॅलरीत वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस, फार तर एखादे मिरचीचे रोप, एवढीच त्याची खूण उरली. पुढे चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या आणि कित्येक घरांतील गॅलरीही खोलीत सामावून गेली.

भाजी लावण्याची हौस मात्र गेलेली नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांवर गर्दी होते. कुंड्या, लाल मातीच्या पिशव्या, पालकाच्या व टोमॅटोच्या बियांची पाकिटे घरोघर येतात. दिवाळीला त्याच कुंड्या जिन्याखाली रिकाम्या पडलेल्या दिसतात. ‘आमच्या हाताला झाडे लागत नाहीत’ असा निष्कर्ष काढून कुटुंब मोकळे होते. वास्तविक दोष हाताचा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा मातीचा आणि महिन्याचा असतो. आणि ही गोष्ट सांगणारे जाणते माणूस शेजारी नसते, ही त्याहून मोठी अडचण. शहरातील एखादी लहानशी शेती आसपासच्या घरांसाठी जे काम करू शकते ते नेमके हेच आहे. तिच्यावर पिकणारी भाजी किती, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

उपाहारगृहाच्या डोक्यावर

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या, मध्यवर्ती स्वयंपाकघरातून सुमारे तीन हजार कामगार-कर्मचाऱ्यांचे भोजन दररोज तयार होत असे. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरातून भाजीची देठे, साली व उरलेले अन्न रोज बाहेर पडणार हे उघडच होते. तेथील केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली या कचऱ्याचे काय करावे या विचारातून इमारतीच्या सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर लागवड सुरू केली. स्वयंपाकघरात काम करणारी मंडळीच वर जाऊन झाडांची निगा राखू लागली. खालचा कचरा वर जाई, त्याची माती होई आणि त्या मातीतील भाजी व फळे पुन्हा खाली येत.

अशा प्रयत्नांना मुंबईत पूर्वपीठिका होती. वांद्रे येथे डॉ. आर. टी. दोशी यांनी घरच्या गच्चीवर, रसवंतीगृहांतून फेकून दिल्या जाणाऱ्या उसाच्या चिपाडांवर आणि घरातील ओल्या कचऱ्यावर भाज्या व फळझाडे वाढवून दाखविली होती. दुसरी प्रेरणा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून आली. गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांना एकत्र आणले. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. झाडाच्या पानांचे क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारे ऊन यांचा हिशेब मांडून थोड्या जागेत भरपूर कसे पिकवावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. परिवारातील प्रत्येकाने स्वतः प्रयोग करावा आणि आपला अनुभव, मग तो फसलेला का असेना, इतरांपुढे ठेवावा अशी पद्धत होती. द्राक्षमळ्यासाठी निघालेली ही रीत महानगरातील गच्चीला इतकी चपखल लागू पडावी याचे थोडे नवल वाटते.

बंदराच्या गच्चीवरील हा अनुभव पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ या स्वयंसेवकांच्या गटामार्फत शहरात पसरला. शीव-माहीम भागात, पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे त्याच भूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आहे. तेथेही या गटाने सामुदायिक शेती केली. सुट्टीच्या दिवशी नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी व निवृत्त मंडळी जमत, हाताने माती कालवीत आणि तेच काम घरी जाऊन करून पाहत.

माती घडवावी लागते

नवशिक्याची पहिली चूक मातीत होते. बाजारातील लाल माती दिसावयास सुंदर, परंतु कुंडीत तीन-चार वेळा पाणी घातले की ती विटेसारखी घट्ट बसते. मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच्या वर वाहून जाते आणि रोप पिवळे पडते. मग खत कमी पडले असे समजून खत घातले जाते व रोपाचा शेवट लवकर होतो.

दाभोलकरांच्या विचारातून पुढे आलेली ‘अमृतमाती’ ही यावरील रीत होय. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवून ते तीन दिवस ठेवतात. दिवसातून दोन-तीन वेळा काठीने दोन्ही दिशांनी ढवळतात. चौथ्या दिवशी त्यात दसपट पाणी मिसळले की अमृतजल तयार होते. वाळलेला पालापाचोळा चुरून या पाण्यात चोवीस तास भिजवावयाचा, मग पाचोळ्याचा एक थर व मातीचा अगदी पातळ थर असे एकावर एक रचून सुमारे फूटभर उंचीचा ढीग करावयाचा. दर सात दिवसांनी तो वरखाली करून त्यावर अमृतजल शिंपावयाचे. महिन्याभरात पाचोळा काळसर होऊ लागतो. येथे बहुतेकांना काम संपले असे वाटते. खरे काम येथून पुढे आहे. या ढिगावर धान्ये, कडधान्ये, भाज्या, मसाल्याची पिके अशा नाना जातींचे बी एकत्र पेरतात. एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी रोपांची छाटणी करून तो पाला वाळवून त्याच ढिगात मिसळतात. कोवळ्या, जून व पक्व अशा तिन्ही अवस्थांतील पाला मातीत जावा हा त्यामागील हेतू. सारे मिळून साडेचार महिन्यांच्या आसपास लागतात. तयार झालेली माती भुसभुशीत, काळी आणि हाताला हलकी लागते. तिला पहिल्या पावसाचा वास येतो.

साडेचार महिने थांबण्याची तयारी आणि ढिगाला लागणारी जागा दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाजवळ कोठून असणार? छोट्या शेतीचे महत्त्व येथे ध्यानात येते. ढीग तिच्या आवारात लागतो, शेणाची व गोमूत्राची व्यवस्था एकदाच होते, आणि शेजारी मजुरीऐवजी रविवारचे दोन तास देऊन दोन कुंड्यांपुरती माती घरी नेऊ शकतो. दुधाला जसे विरजण, तशी ही मूठभर माती घरच्या कुंडीला पुरते. पुढे घरातील भाजीची देठे व साली तीत जिरू लागल्या की कुंडीतील माती आपोआप वाढत जाते.

पाचोळ्याला मुंबईत तोटा नाही. पर्जन्यवृक्ष, बदाम, पिंपळ यांची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पडतात आणि बहुतेक कचऱ्याच्या गाडीत जातात. कोठे कोठे जाळलीही जातात. मोठ्या गृहनिर्माण संस्थांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवावा असे बंधन मुंबई महानगरपालिकेने २०१७ साली घातले. त्यानंतर अनेक संस्थांनी खताच्या टाक्या बसविल्या. त्या खताचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न मात्र सोसायट्यांच्या सभांमधून अजून निघतो. एखादी परसबाग त्याचे उत्तर वादावादीवाचून देऊ शकते.

महिना चुकला की रोप चुकते

मृगाच्या उत्साहात पेरलेली मेथी, पालक व कोथिंबीर मुंबईच्या पावसात का टिकत नाही, याचे कारण साधे आहे. या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढाच्या सरींनी कोवळी रोपे मातीलगत कुजून कोलमडतात आणि कुंडीतील अन्नद्रव्ये धुऊन जातात. पावसाळ्यात अळू, भेंडी, चवळी, दोडका, काकडी यांची सोबत धरावी. पालेभाज्या नवरात्राच्या सुमारास पेराव्यात. मुंबईत कुंडीतील भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आहे. मार्चपर्यंत पाचोळ्याचा ढीग लावला तर माती आगस्टच्या आत-बाहेर तयार होते आणि पेरणीस हाताशी येते. जून महिना हा पेरणीपेक्षा शिकण्याचा महिना मानणे शहाणपणाचे.

प्रारंभ स्वयंपाकघरातील डब्यांतूनच करावा. मेथीदाणे, मोहरी, रगडून दोन फाका केलेले धने, बाजारच्या जुडीतील पुदिन्याच्या काड्या, कोंब फुटलेले रताळे यांना पैसा लागत नाही. कुंडीतील मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाती येते, मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. पहिल्या महिन्यात काहीतरी खुडावयास मिळाले तर उमेद राहते. टोमॅटोने सुरुवात करणारा बहुधा पांढऱ्या माशीपुढे हात टेकतो. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे ऊन चालते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना किमान सहा तासांचे हवे. ज्या घराला ऊन दोनच तास मिळते त्याने वांग्याचा हट्ट सोडावा हेच बरे.

रोपांवर मावा पडतो, भेंडीवर पिठ्या ढेकूण बसतो. पुस्तकातील चित्रावरून तो ओळखणे आणि शेजारच्या शेतीवर प्रत्यक्ष पाहणे यांत फार अंतर आहे. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारली तर कीड बरीच आटोक्यात येते. पण ती पानांच्या खालच्या अंगाला फवारावयाची असते. हे कोणी हात धरून दाखविले नाही, तर वरूनच फवारले जाते आणि उपाय निरुपयोगी ठरतो. रोप मेले तर ते कुंडीसकट घेऊन यावे, मुळे उघडून पाहावीत, पाणी अधिक झाले की कमी याचा निवाडा सर्वांसमक्ष व्हावा: फसलेला प्रयोगही इतरांपुढे ठेवण्याची प्रयोग परिवाराची रीत येथे कामास येते. परसबागेचा टिकाव बहुधा याच दुसऱ्या महिन्यात ठरतो.

गच्चीची बेरीज-वजाबाकी

गृहनिर्माण संस्थेत परसबागेचा विषय निघाला की पहिला आक्षेप गळतीचा येतो. त्याला हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या छतातून पाणी झिरपते त्या वरच्या मजल्यावरील रहिवाशाची तक्रार रास्तच असते. भारतीय मानकांनुसार लोकांची ये-जा असलेल्या गच्चीच्या वापरासाठी दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरला जातो. फूटभर खोलीची ओली माती तेवढ्याच जागेवर पसरली तर तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात जाते. सबंध गच्चीवर माती पसरण्याची कल्पना म्हणूनच मनातून काढून टाकावी. पाचोळ्यापासून घडविलेली माती त्या मानाने खूपच हलकी. तीही सुट्या पिंपांत व कुंड्यांत, तुळया व खांबांच्या रेषेवर, विटांचा आधार देऊन जमिनीपासून उचलून ठेवावी. खालचा कोबा कोरडा राहतो आणि गळती झालीच तर ती शोधताही येते. इमारत जुनी असल्यास अभियंत्याचा सल्ला व संस्थेची लेखी अनुमती आधी घ्यावी. गच्ची सर्वांची असते, त्यामुळे भाजीतही सर्वांचा वाटा असावा. तंटे यानेच पुष्कळ मिटतात.

डासांबाबतही दक्षता हवी. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतील स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातील एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व ताटल्या घासून पालथ्या कराव्यात. शक्य तर ताटल्या ठेवूच नयेत.

भाजीखर्चात किती बचत होईल, असे विचारले जाते. चार माणसांच्या कुटुंबाची रोजची भाजी एका गॅलरीत पिकणार नाही हे आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम भाज्या खाव्यात. तेवढ्यासाठी मंडईलाच जावे लागेल. कोथिंबीर, मिरची, पुदिना, कढीपत्ता आणि आठवड्यातून एखाद-दुसरी पालेभाजी एवढे मात्र गॅलरी देऊ शकते. रेल्वेमार्गालगत सांडपाण्यावर वाढविलेल्या पालेभाज्यांविषयी मुंबईत वेळोवेळी चिंता व्यक्त झाली आहे. आपण खातो त्यांपैकी निदान एका भाजीचे पाणी कोठून आले हे घरच्या गृहिणीला ठाऊक असणे, याची किंमत पैशांत लावणे कठीण आहे.

हंगामाअखेर चवळीचा किंवा भेंडीचा एक जोमदार वेल किंवा रोप न तोडता राखावे. शेंगा जागीच वाळू द्याव्यात, बी काढून राखेत घोळवून काचेच्या बाटलीत ठेवावे आणि त्यातील मूठभर, जिथून माती आणली त्या शेतीला परत द्यावे. तोवर रस्त्यावर पर्जन्यवृक्षाची पाने पडू लागलेली असतात. पोती घेऊन ती गोळा करावयास जाण्याचा तोच सुमार असतो.